मिरग ते चतुर्थी: रानातलं घर राखायचं कसं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी सोडून कणकुंबीच्या बाजूला निघालं की रस्त्यापासून आत, झाडीत, कुलूप लागलेली घरं दिसतात. पोरं गोव्याला कामाला, कुणी पुण्यात, म्हातारी माणसं पावसाळ्यापुरती बेळगावात मुलाकडे. घर विकायचं नसतं, पण मिरगापासून बंद ठेवलं तर गणपतीला परत येईपर्यंत दार चौकटीत फुगून बसतं, कौलं सरकतात, वाशांना पांढरं फूल येतं. मग ओळखीतल्या कुणाला तरी विचारतात, "जाऊन राहा की अडीच-तीन महिने."

मी असे तीन पावसाळे काढले. पहिल्या वर्षी गेले ती पाऊस बघायला. आठ दिवसांत पाऊस बघून झाला आणि घर बघायला लागले. बेळगावच्या शहापुरातल्या फ्लॅटमधून उठून तिकडे जाणाऱ्याला जे कुणी सांगत नाही, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पावसाचा अंदाज आधी घ्या. बेळगाव शहरात वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून 45-50 किलोमीटरवरच्या कणकुंबी-आमगाव पट्ट्यात त्याच्या कितीतरी पट. रान सदाहरित, निमसदाहरित. 2011 साली जाहीर झालेलं भीमगड अभयारण्य याच पट्ट्यात, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि म्हादई भीमगडच्या रानातून निघून पश्चिमेला गोव्यात उतरते. एका तालुक्यातलं पाणी दोन समुद्रांना जातं. तुम्हाला मात्र ते पाणी स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नसतं.

मालक निघायच्या आधी

किमान दोन दिवस आधी जा. किल्ल्या घेऊन चहा पिऊन होय होय म्हणणं उपयोगाचं नाही. मालकांबरोबर घराला एक फेरी मारा आणि वहीत लिहून घ्या. पाण्याची पाइप कुठून येते, तिचं तोंड कुठं आहे, मेन स्विच कुठला, जादा कौलं कुठं रचली आहेत, शिडी कुणाकडे मिळते, कुठल्या खोलीत दरवर्षी गळतं. शेवटचा प्रश्न आडून विचारू नका. "गळत नाही हो आमचं" असं प्रत्येक जण सांगतो. "पावसाळ्यात बादली कुठं ठेवता?" असं विचारलं की खरी जागा कळते.

कुत्रं, मांजर, कोंबड्या काय खातात, किती वाजता खातात, तेही लिहा. शेजारच्या दोन घरांना मालकांनी स्वतः सांगितलेलं असलं पाहिजे की अमुक बाई राहायला येणार आहेत. रानातल्या वस्तीत अनोळखी माणसाच्या खिडकीत दिवा दिसला तर लोक चौकशी करतात, आणि करावीच.

कागदपत्रं, उतारे, सोनंनाणं घरात ठेवून जाऊ नका, असं मालकांना स्पष्ट सांगा. संकोच वाटतो, पण सांगा. का ते पुढे येईलच.

आगोटीची बेगमी

मिरग निघतो 7-8 जूनच्या सुमारास. त्याच्या आत सामान घरात आलं पाहिजे. खरा जोर जुलैत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. नावावर जाऊ नका, म्हाताराही तितकाच झोडपतो. घाटात दरड आली किंवा झाड आडवं पडलं की बस बंद, आणि आठवडी बाजाराला जाणं म्हणजे अख्खा दिवस.

एका माणसाला अडीच-तीन महिन्यांसाठी मी नेते ते असं: तांदूळ, नाचणीचं पीठ थोडं (जास्तीचे दाणेच न्यावेत), कुळीथ, तूरडाळ, कांदे-बटाटे, लसूण, आमसुलं, गूळ, सुकी मिरची, सुकट-बोंबील, पापड-सांडगे. मिरची संकेश्वरी न्या. रंगाला ब्याडगी बरी, पण पावसात जेवणाला झणका लागतो. डाळी मे महिन्यात कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावरच डब्यात भरायच्या. गरम भरल्या तर आतल्या वाफेनेच किडतात. मीठ बरणीत ठेवलं तर त्याचं पाणी होतं, म्हणून मातीच्या मडक्यात, चुलीपासून हातभर अंतरावर ठेवावं. काड्यापेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाला मूठभर भाजलेले तांदूळ घालून.

भाजी फार नेऊ नका. अंगणात अळू असतं, टाकळा उगवतो, जुलै-ऑगस्टमध्ये फागलं, म्हणजे कर्टोली, विकायला येतात. अळंबी मात्र स्वतः ओळखून कधीही खाऊ नका. शेजारच्या मावशीने आणून दिली आणि ती स्वतःही खाणार असेल तरच.

गॅस असतो, पण सिलिंडर मोठ्या रस्त्यापर्यंतच येतो आणि तिथून घरी आणणं आपलं आपण. भरलेले दोन असू द्या.

चूल

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथेच मी चुकले.

पहिल्या वर्षी मला वाटलं, एकटीसाठी चूल कशाला पेटवायची? डोळ्यांत धूर, भांडी काळी, लाकडं संपतात. सकाळचा चहा, भात, पिठलं, सगळं गॅसवर. नवव्या दिवशी सकाळी शेजारची मावशी इरलं घेऊन दारात उभी. "बाई, आठ दिस धूर दिसला न्हाई. बरं हाय न्हवं?" मी हसून आत बोलावलं. ती सैपाकघरात शिरली, वर बघितलं आणि काही न बोलता चुलीपुढे बसली. मीही वर बघितलं. वाशांवर कापसासारखी बुरशी, भिंतीच्या कडेने वाळवीची ओली मातीची रेघ, आणि माळ्यावरच्या लाकडांना खालून हिरवट शेवाळ. मालकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जमिनीचे उतारे होते. ते पानांना पान चिकटून एक वडी झाली होती. ट्रंक भिंतीला टेकवून ठेवलेली, चूल थंड, खोलीत वारा नाही. ते कागद नंतर तालुक्याला जाऊन पुन्हा काढावे लागले. त्या चकरांचा खर्च मी दिला. तो हिशेब अजून वहीत आहे.

तेव्हा रोज दोन वेळा चूल पेटवायची. भुकेचा संबंध नाही. कौलारू घरात धूर वर चढतो, वाशांना, रिपांना, कौलांच्या फटींना लागतो. वासे कोरडे राहतात, किडा लागत नाही, डास कमी होतात, आणि कौलांतून निघणारा धूर शेजाऱ्यांना सांगतो की आत माणूस हिंडतंय-फिरतंय. खिडकी उघडी ठेवा, धुरात बसून राहू नका. पेटवून बाजूला व्हा.

पेटवायची रीत अशी. रात्रीच चुलीच्या तोंडाशी दुसऱ्या दिवशीची बारीक लाकडं आडवी ठेवायची, म्हणजे निखाऱ्यांच्या उबेने ती सकाळपर्यंत सुकतात. सकाळी राख पूर्ण काढू नका. खाली दोन बोटं राख राहू द्या, ती ऊब धरते. त्यावर नारळाचं सोडण पिंजून, मध्ये करवंटीचा तुकडा, वरती बोटाएवढ्या काटक्या उभ्या-आडव्या. काडी खालून लावा, वरून नव्हे. फुंकणीने एकदम जोर लावला की राख उडते आणि जाळ मरतो. लांब, बारीक फुंकर घाला आणि सोडण लाल झालं की थांबा. काटक्यांनी जाळ धरला की मगच मनगटाएवढं लाकूड. लाकूड चुर्र करून फेस सोडायला लागलं तर ते ओलं आहे, काढून माळ्यावर टाका. चुलीच्या वरचा माळा हे पावसाळ्यातलं तुमचं ऊन. लाकडं, ओले कपडे, सुकवायचं आमसूल, सगळं तिथेच.

सरपण मे महिन्यातच फोडून पडवीत रचलेलं हवं. अभयारण्याच्या हद्दीतून वाळकी काटकीसुद्धा आणायची नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि हद्द कुठून सुरू होते हे नवख्याला कळत नाही. मालकाच्या परड्यातलं सरपण वापरा, कमी पडलं तर विकत घ्या.

पाणी

वरच्या झऱ्यातून काळ्या पाइपने पाणी उताराने घरी येतं. मोटार लागत नाही, बिल येत नाही, आणि पावसाळ्यात दर तिसऱ्या दिवशी ते बंद पडतं. म्हणजे बाहेर धो-धो आणि न्हाणीघरात नळ कोरडा. कारण बहुतेक वेळा पाइपच्या तोंडाशी साचलेला पालापाचोळा असतो. तिथे बारीक जाळी बांधा आणि तोंड तळाला न टेकवता दगडावर वीतभर उंच धरा, म्हणजे गाळ ओढला जात नाही. जाळी साफ करूनही पाणी आलं नाही तर पाइपमध्ये हवा अडकली आहे. खालचा सांधा सोडा, पाणी भसाभस वाहू द्या, धार सलग झाली की जोडा. एकदा माझ्या सांध्यातून पाण्याआधी एक खेकडा बाहेर आला, दोन्ही नांग्या वर करून. मी पाइप सोडून पळाले. पुन्हा जोडताना निम्मी पाइप उताराखाली गेली होती.

झऱ्याचं पाणी दिसायला काच असतं. तरी पिण्याचं पाणी खळाखळा उकळा, एक मिनिट तरी. चूल पेटलेलीच असते, हंडा ठेवायला काय लागतं? टाकीसाठी ब्लीचिंग पावडर वापरायची तर 1000 लिटरला अडीच ग्रॅम, वेगळ्या बादलीत कालवून, चुना खाली बसला की वरचं पाणीच टाकीत ओतायचं. तासाभराने वापरायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, गढुळात पावडर काम करत नाही.

पागोळ्यांचं पाणी भांडी-कपड्यांना उत्तम. पहिले दोन-तीन पाऊस मात्र सोडून द्या. कौलांवर वर्षभराची धूळ आणि माकडांची घाण असते.

छप्पर

माकडं कौलं सरकवतात. हे कधीही होतं, बहुधा तुम्ही ताटावर बसलात की. गळायला लागलं तर वर चढायचं नाही. ओल्या कौलावर शेवाळ असतं, तिथे गावातला सराईत माणूससुद्धा पाय ठेवत नाही. आतून बघा. थेंब जिथे पडतो तिथे भोक नसतं. पाणी वाशावरून धावत खाली येऊन मग पडतं. दिवसा अंधाऱ्या खोलीत उभं राहून वर पाहिलं की सरकलेल्या कौलाच्या जागी उजेडाची फट दिसते. लांब बांबूच्या टोकाला कापड गुंडाळून ते कौल खालून किंचित उचला आणि वरच्या कौलाच्या पोटाखाली सरकवा. मंगळुरी कौलाला खाच असते, ती बसली की हाताला कळतं.

जमलंच नाही तर थेंब पडतो तिथे वाशाला सुताचा दोरा बांधून त्याचं टोक बादलीत सोडा. पाणी दोऱ्यावरून मुकाट उतरतं. शिंतोडे नाहीत, रात्रभरची टपटप नाही. मावशीने दाखवलेल्या युक्त्यांतली ही मला सर्वांत आवडती.

पन्हळ रोज बघा. फणसाचं एक पान तिचं तोंड बुजवायला पुरतं, आणि मग पाणी भिंतीवर. मातीची भिंत पायथ्याशी भिजली तर बसते.

दिवस कसा जातो

उजाडलं की आधी दार उघडायचं आणि बूट उलटे करून झटकायचे. मग चूल, चहा, कोंबड्यांचं खुराडं, पन्हळ, पाइप. नऊपर्यंत हे आटोपतं. पाऊस उघडला की सगळं सोडून दारं-खिडक्या सताड उघडायच्या, गाद्या उभ्या करायच्या, कपाटं उघडी टाकायची. ही उघडीप अर्धा तास असेल नाहीतर दोन तास, पण तेवढ्यात घराने श्वास घेतला पाहिजे. शेणाने सारवायचं असेल तर तेही अशाच दिवशी. झडीत सारवलं तर जमीन वाळत नाही आणि वास धरते.

कपडे कमी आणि पातळ न्या. जीन्स अजिबात नको, ती पाच दिवसांत वाळत नाही आणि सहाव्या दिवशी वास मारते. मी तीन जोड नेते. एक अंगावर, एक माळ्यावर, एक डब्यात. सगळ्यांना धुराचा वास येतो. बेळगावला परतल्यावर बसमध्ये शेजारचा माणूस जरा सरकून बसतो, त्याला इलाज नाही.

पायांना चिखल्या होतातच. संध्याकाळी कोमट पाण्याने पाय धुऊन बोटांच्या फटी कोरड्या पुसायच्या, खोबरेल लावायचं आणि रात्री पाय उघडे ठेवायचे. दिवसभर बुटांत राहू नका. घरात कोरड्या चपला वेगळ्या.

वीज जाते. तासाभरासाठीही जाते, चार दिवसांसाठीही. आभाळ गडगडलं की प्लग काढून ठेवा. सौरदिव्यावर जुलैत भिस्त ठेवू नका, त्याला ऊनच मिळत नाही. कंदील, मेणबत्त्या, दोन टॉर्च आणि भरलेली पॉवर बँक पुरते. तक्रारीचा नंबर 1912. पण त्यासाठी रेंज लागते, आणि ती आमच्या वस्तीत फक्त वळणावरच्या जांभळीखाली मिळते. बिल कन्नडमध्ये येतं. वाचता येत नसेल तर मागच्या महिन्याचं शेजारी ठेवून आकडा ताडून बघा.

जनावरं, जळवा, साप

जळूने कुणी मरत नाही. चिकटली तर ओढू नका, मीठ-काडीही लावू नका. नखाने आधी तिचं बारीक तोंड सुटं करा, मग जाड टोक. तिच्या लाळेने रक्त गोठत नाही, म्हणून जखम तास-दोन तास झिरपत राहते. घाबरू नका, स्वच्छ फडकं दाबून बांधा. रानवाटेने जायचं तर पायमोजे पँटवर ओढून घ्या. गावात तंबाखू भिजवलेलं पाणी मोज्यांना लावतात. तंबाखू अर्थात निपाणीची.

सापांचं मात्र हलक्यात घेऊ नका. मण्यार रात्री फिरते, चावल्याचं दुखणं फारसं जाणवत नाही, म्हणून जमिनीवर झोपू नका. खाट आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हवीच. सरपणात हात घालण्याआधी काठीने हलवा. रात्री अंगणात दोन पावलं जायचं तरी टॉर्च. चावलाच तर करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव हलवू न देता 108 ला फोन, आणि गाडी मिळेल तशी खानापूर किंवा बेळगावच्या सरकारी दवाखान्यात. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरशाच्या विषावर चालते. इथल्या झाडीतल्या हिरव्या चापड्यासाठी ती बनवलेली नाही. म्हणून डॉक्टरांना साप कसा दिसला ते सांगा, पण त्याला पकडत बसू नका.

जूनमध्ये फणस पिकून गळतात. रोज सकाळी उचलून लांब खड्ड्यात पुरा. अस्वलाला तो वास कुठूनही येतो. गवे तिन्हीसांजेला उतरतात, तेव्हा वाटेवर जायचं नाही आणि दिसले तर वाट त्यांची. कुत्र्याला अंधार पडायच्या आत पडवीत घेऊन दार लावा, बिबट्या कुत्र्यासाठीच येतो. ओला कचरा घराजवळ टाकला की रानडुकरं येतात. प्लास्टिक जाळू नका, पिशवीत भरून बेळगावला परत न्या.

कुणाकडे उन्हाळ्यातली राखण आली तर मामला निराळा. तेव्हा पाणी आटतं, वणव्याची भीती असते, आणि माकडतापाची. हा आजार 1957 साली शिमोग्याकडच्या क्यासनूर रानात पहिल्यांदा ओळखला गेला. नंतर तो गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गाच्या दोडामार्गात आढळला, म्हणजे आपल्या शेजारीच. गोचिडीपासून होतो, साधारण डिसेंबर ते मे. रानातून आल्यावर अंग तपासून कढत पाण्याने आंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. ताप आला तर डॉक्टरांना "रानात राहत होते" हे आधी सांगा.

घर ताब्यात देताना

चतुर्थीच्या आधी चार दिवस जाळी-जळमटं काढा, भांडी घासा, उघडीप मिळाली तर सारवा. गणपतीच्या कोनाड्याला हात लावू नका, तो घरच्यांचा मान. मोडलेली वस्तू लपवू नका. किती कौलं बदलली, कुणाला किती मजुरी दिली, कोंबडी किती अंडी घालत होती, सगळं वहीत तारखेने लिहून वही मालकांच्या हातात द्या. मग माळ्यावर आठ दिवसांचं सरपण आणि चुलीच्या तोंडाशी उद्याच्या काटक्या आडव्या ठेवून निघा. माझ्या तिसऱ्या वर्षी घरच्या वहिनी रात्री उशिरा पोचल्या. वीज नव्हती. त्यांनी अंधारात चाचपून काटक्या सरकवल्या, काडी लावली, आणि चहा ठेवूनच मला हाक मारली.